अगस्त्याचा हविर्भाग कोणाचा? इंद्र आणि मरुतांच्या भाऊबंदकीचं प्रकरण

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात १६५ ते १७१ ही सात सूक्तं अगस्त्य ऋषीची आहेत. सुटी सुटी वाचली तर ती चार चांगल्या स्तुतिसूक्तांसारखी वाटतात. ओळीने वाचली की मात्र त्यातून एक भांडण उलगडत जातं. यज्ञ एक आहे, हविर्भाग, म्हणजे देवाला द्यायचा आहुतीचा वाटा, एक आहे आणि त्यावर हक्क सांगणारे दोन. एकीकडे इंद्र, दुसरीकडे वादळाचे देव मरुत. मधे यजन करणारा अगस्त्य पुरता अडकला आहे.

वैदिक देवतांचे परस्परसंबंध समजून घ्यायचे तर आपण सहसा वंशावळीकडे वळतो: कोण कोणाचा बाप, कोण कोणाचा भाऊ. वादळाच्या देवांच्या बाबतीत ही वाट फार पुढे नेत नाही. ऋग्वेदात मरुत बहुतेक ठिकाणी रुद्र आणि पृश्नीचे पुत्र आहेत, पण १.१३४.४ (मंडल, सूक्त, ऋचा) मध्ये वायूनेच त्यांना जन्म दिल्याचं म्हटलं आहे. त्यांची संख्या एका जागी तीन वेळा सात, तर दुसऱ्या जागी तीन वेळा साठ आहे. कवींना या विसंगतीचं काही वाटत नाही. यज्ञात कोणाला कोणाबरोबर बोलवायचं आणि कोणाचा वाटा किती, या प्रश्नावर मात्र हेच कवी कमालीचे काटेकोर होतात. अगस्त्याचं प्रकरण घ्यायचं ते यासाठी.

दोन्ही पक्ष

इंद्राची फार ओळख करून द्यायला नको. १०२८ सूक्तांपैकी सुमारे अडीचशे त्याची. वज्र त्याचं, पाणी अडवून बसलेल्या वृत्र या सर्परूपी शत्रूचा वध त्याचा, सोमरसाचा शौक सगळ्यात मोठा त्याचा.

मरुतांची केवळ त्यांच्यासाठी रचलेली सूक्तं ३३ आहेत. ते एकेकटे कधी येत नाहीत, टोळीने येतात. ५.५४.११ मध्ये श्यावाश्व ऋषीने त्यांचं चित्र डोक्यापासून पायापर्यंत रेखाटलं आहे: खांद्यांवर भाले, पायांत कडी, छातीवर सोन्याची पदकं, हातांत अग्नीसारख्या झळाळणाऱ्या विजा, डोक्यावर सोनेरी शिरस्त्राणं. रथाला ठिपकेदार घोड्या जुंपलेल्या. त्यांच्यात ना कोणी थोरला ना कोणी धाकटा, 'अज्येष्ठासो अकनिष्ठासः'. पावसाचा देव पर्जन्य याच्याशी त्यांचं छान जमतं. १.३८.९ मध्ये तर पाणी वाहून आणणाऱ्या पर्जन्याला सोबत घेऊन ते भरदिवसा अंधार करतात. या भागीदारीत कुरबुर दिसत नाही, कारण दोघांचीही कामं ठरलेली आहेत. इंद्राशी मात्र त्यांचं कामच एक आहे. मेघ फोडायचे, पाणी मोकळं करायचं आणि नंतर सोम प्यायचा. तंटा उभा राहिला तो इथे.

समोरासमोर

१६५वं सूक्त पंधरा ऋचांचं आणि बरंचसं संवादाचं आहे. पारंपरिक अनुक्रमणीनुसार, म्हणजे सूक्तांच्या ऋषी-देवतांच्या जुन्या यादीनुसार, तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी ऋचा मरुतांची, शेवटच्या तीन अगस्त्याच्या आणि उरलेल्या इंद्राच्या. पहिल्या दोन ऋचा इंद्राच्या की कवीने केलेल्या प्रस्तावनेच्या, यावर आधुनिक अभ्यासकांत एकमत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. 'एकाच वयाचे, एकाच घरट्यातले हे मरुत कोणत्या झळाळीने एकत्र आले?' हा प्रश्न लांबून बघणाऱ्याचा वाटतो.

भांडणाला तिसऱ्या ऋचेत तोंड फुटतं. मरुत विचारतात, 'कुतस्त्वमिन्द्र माहिनः सन्नेको यासि'. इंद्रा, एवढा मोठा असून एकटाच कुठून निघालास? काय झालंय तुला? वरवर ही चौकशी आहे, पण 'एकटाच' या शब्दाला चांगलीच धार आहे. आम्हाला सोडून चाललास, असा त्याचा रोख. इंद्राचं उत्तर तुटक आहे. मंत्र माझे, स्तोत्रं माझी, पिळलेला सोम माझ्या सुखाचा, माझे घोडे मला तिकडे नेताहेत. यज्ञाचं बोलावणं आपल्यालाच आहे, हे तो गृहीत धरून चालला आहे. मरुत सांगतात, मग आम्हीही सजूनधजून निघालो आहोत, रथ जुंपतोच आहोत. आमची रीत तुला ठाऊक आहेच.

'रीत' म्हटल्याबरोबर इंद्र भडकतो. सहाव्या ऋचेतलं त्याचं वाक्य या प्रकरणातला सगळ्यात कडवट आरोप आहे: 'क्व स्या वो मरुतः स्वधासीद् यन्मामेकं समधत्ताहिहत्ये'. अहीला, म्हणजे वृत्रालाच, मारायच्या वेळी मला एकट्याला पुढे घातलंत, तेव्हा कुठे गेली होती तुमची ही रीत? यापुढे तो 'मी'वरून खाली उतरतच नाही. मी उग्र, मी बलवान, आठव्या ऋचेत वृत्राला मी माझ्या स्वतःच्या बळावर मारलं, मनूसाठी पाण्याच्या वाटा मी मोकळ्या केल्या.

मरुतांची उत्तरं वाचताना मला नेहमी वाटतं की मुरब्बी माणूस कसा बोलतो ते इथे शिकावं. ते इंद्राला खोटं पाडत नाहीत. सातव्या ऋचेत ते म्हणतात, तू पुष्कळ केलंस, पण आम्ही जोडीला असताना, आपल्या सारख्याच पराक्रमाने केलंस. आणि आम्हीही पुष्कळ करू, मनात आणलं तर. शेवटच्या चार शब्दांत धमकी आहे आणि ऐटही. नवव्या ऋचेत मात्र ते एक पाऊल मागे येतात: तुझ्यासारखा देवांत कोणी नाही, जन्मलेला नाही आणि जन्मणारही नाही. एवढं ऐकल्यावर इंद्राचा पारा उतरतो. दहाव्या ऋचेत तो पुन्हा एकदा 'मी एकटा असलो तरी माझं बळ अफाट असो' म्हणून घेतो, पण अकराव्यात कबूल करतो की तुमच्या स्तुतीने मला आनंद झाला. त्यांना तो 'सखायः' म्हणतो. आपसांतलं भांडण मिटलं.

नवं भांडण सुरू होतं ते यानंतर. तेराव्या ऋचेपासून अगस्त्य बोलू लागतो आणि त्याचं सगळं बोलणं मरुतांना उद्देशून आहे. मरुतांनो, इकडे या, या ऋषीकडे वळा, ही स्तुती तुमची, ही वाणी तुमची. मागच्या चार ऋचांत मोठेपणा कबूल करून घेतलेला इंद्र त्याच सूक्ताच्या शेवटाला बाजूला पडलेला असतो.

इंद्र खरोखर एकटा होता का?

इंद्राचा आरोप बाकीच्या सूक्तांशी ताडून पाहिला तर टिकत नाही. ८.९६.७ मध्ये चित्र अगदी उलटं आहे: वृत्राच्या फूत्काराने घाबरून सगळे देव, जे मित्र म्हणवत होते ते, तुला सोडून पळाले. म्हणून इंद्रा, मरुतांशी तुझं सख्य असू दे, मग या सगळ्या लढाया तू जिंकशील. ऐतरेय ब्राह्मण या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथाने (३.२०) याच ऋचेवर कथा रचली आहे. वृत्र नुसता फुसकारला आणि देवांनी पळ काढला. मरुत तेवढे जागचे हलले नाहीत. 'प्रहर भगवो जहि वीरयस्व', मार, ठार कर, मर्दासारखा लढ, असं म्हणत ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

विश्वामित्र कुळातल्या ३.४७.३ चा पुरावा तर जास्तच नेमका आहे. ज्या मरुतांना तू वाटा दिलास, ज्यांनी वृत्राशी लढताना तुला बळ दिलं, त्यांच्यासह सोम पी, असं तिथे इंद्राला सांगितलं आहे. साथ आणि वाटा दोन्ही एकाच ऋचेत आले आहेत. वाटा मिळण्याचं कारणच साथ.

मग १६५व्या सूक्तातला इंद्र खोटं बोलतो का? मला तसं वाटत नाही. लढाईत पहिला वार कोणी केला आणि मागे कोण उभं होतं, यांतला फरक प्रत्येक सरदाराला मोठा वाटतो आणि प्रत्येक शिपायाला छोटा. दोन्ही बाजू एकाच घटनेबद्दल बोलताहेत. ऋग्वेदाच्या संग्रहात या दोन्ही आठवणी शेजारी शेजारी राहिल्या, कोणी त्यांना कात्री लावली नाही.

अगस्त्याची पंचाईत

१६६, १६७ आणि १६८ ही सूक्तं मरुतांची. त्यांचा रथ, त्यांची गर्जना, त्यांच्या रथात बसलेली देवी रोदसी हे सगळं देखणं आहे, पण प्रकरणाच्या दृष्टीने एवढंच पुरे की ओळीने छत्तीस ऋचा फक्त मरुतांच्या वाट्याला गेल्या. १६९वं सूक्त इंद्राचं, आठ ऋचांचं. त्यातही अगस्त्य पहिल्याच ऋचेत मरुतांची आठवण काढतो: तू मरुतांना ओळखतोस, ते तुझे सगळ्यांत लाडके, त्यांची कृपा आम्हाला मिळवून दे. एका परीने ही मध्यस्थीची सुरुवात होती. इंद्राला ती पुरेशी वाटली नाही.

१७०वं सूक्त फक्त पाच ऋचांचं आहे. त्याची पहिली ऋचा ऋग्वेदातल्या सगळ्यात उदास ऋचांपैकी एक: 'न नूनमस्ति नो श्वः कस्तद्वेद यदद्भुतम्'. आज नाही आणि उद्याही नाही, जे अजून घडलंच नाही ते कोणाला कळणार? दुसऱ्याच्या मनाचा भरवसा नाही, ठरवलेलंही नाहीसं होतं. बोलणारा इंद्र आहे. १६५व्या सूक्तात 'मी, मी' करणारा देव इथे ताटावरून उठवलेल्या पाहुण्यासारखा बोलतो.

अगस्त्य घाबरून विचारतो, 'किं न इन्द्र जिघांससि भ्रातरो मरुतस्तव'. आम्हाला मारायला का निघालास? मरुत तर तुझे भाऊ. त्यांच्याशी नीट जमवून घे, या झटापटीत आमचा जीव घेऊ नकोस. मरुत रुद्राचे पुत्र, इंद्र त्यांचा भाऊ कसा, हा प्रश्न वंशावळ धरून बसणाऱ्याला पडेल. अगस्त्याला त्या घडीला नातं जोडून देण्याची गरज होती, म्हणून त्याने ते जोडलं.

तिसऱ्या ऋचेत उत्तर येतं: भावा अगस्त्या, मित्र असून तू आम्हाला का डावलतोस? तुझं मन आम्हाला माहीत आहे, आम्हालाच द्यायची तुझी इच्छा नाही. परंपरा ही ऋचा इंद्राची मानते. त्यातल्या बहुवचनामुळे ती मरुतांच्याही तोंडी शोभेल, आणि तशी वाचली तर पेच अधिकच घट्ट होतो. दोन्ही बाजूंना वाटतंय की आपल्यालाच डावललं. पण इंद्राच्या तोंडीही ती बसते. वेदात एकट्याने बोलतानाही 'आम्ही' म्हणायची पद्धत आहे, आणि अगस्त्याने नुकताच 'भाऊ' शब्द वापरला असल्यामुळे इंद्राने तोच उचलून त्याच्यावर उलटवला, असं वाचण्यातही मजा आहे.

यानंतर कोणी युक्तिवाद करत नाही. चौथ्या ऋचेत कामच सुरू होतं: वेदी सजवा, समोर अग्नी पेटवा, इथे आपण दोघं तुझा यज्ञ मांडू. पाचवीत अगस्त्य इंद्राला मित्रांचा स्वामी म्हणतो आणि अखेर मागणं मांडतो: 'इन्द्र त्वं मरुद्भिः सं वदस्वाध प्राशान ऋतुथा हवींषि'. इंद्रा, मरुतांशी बोल आणि मग आपल्या वेळेला हविर्भाग खा. छंदही इथे बदलतो. मधल्या तीन ऋचा अनुष्टुभ आहेत, शेवटची त्रिष्टुभ. घरगुती बोलण्यावरून कवी पुन्हा स्तोत्राच्या भारदस्त चालीवर आला आहे.

मुळात हविर्भाग होता कोणाचा?

पुढच्या ग्रंथकारांची इथे फारकत होते. तैत्तिरीय ब्राह्मणात (२.७.११) अगस्त्याने मरुतांसाठी बैल प्रोक्षण करून, म्हणजे पाणी शिंपडून यज्ञासाठी पवित्र करून, ठेवले आणि इंद्राने ते घेतले. मरुत वज्र उगारून धावून आले, तेव्हा अगस्त्य आणि इंद्र दोघांनी मिळून 'कया शुभा' (१.१६५) सूक्ताने त्यांना शांत केलं. तांड्य ब्राह्मणात (२१.१४.५) कथा जवळपास तीच, पण मरुतांसाठीचे बैल इंद्राला बांधून देणारा खुद्द अगस्त्यच आहे. म्हणजे एकात इंद्राने ओढून घेतले, दुसऱ्यात ऋषीने फिरवले.

वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा यास्क त्याच्या निरुक्तात (१.५-६) नेमकं उलटं सांगतो: अगस्त्याने हविर्भाग इंद्रासाठी काढला आणि मरुतांना द्यायचं मनात आणलं, तेव्हा इंद्र येऊन विलाप करू लागला. सूक्तांच्या देवता आणि कथा सांगणाऱ्या बृहद्देवता या ग्रंथाचा कौलही यास्काच्या बाजूने आहे.

मला ब्राह्मणग्रंथांची बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारण अगस्त्याने स्वतः दिलेली कबुली. १७१वं सूक्त मरुतांची क्षमा मागणारं आहे. रोष खाली ठेवा, घोडे सोडा, अशी त्याची सुरुवात. चौथ्या ऋचेत तो सांगतो: या बलवान इंद्राच्या भीतीने थरथरत मी पळालो. 'युष्मभ्यं हव्या निशितान्यासन् तान्यारे चकृम', हविर्भाग तुमच्यासाठी तयार ठेवले होते, ते आम्ही बाजूला सारले, आम्हाला क्षमा करा. याहून स्पष्ट जबानी दुसरी कुठली असणार? हविर्भाग मरुतांचा होता आणि इंद्राच्या धाकाने तो हलवला गेला. यास्क त्या ठिकाणी 'नूनम्' या निपाताचा (अव्ययाचा) अर्थ उलगडत होता. पहिल्या ऋचेतली इंद्राची तक्रार समजण्यापुरता संदर्भ त्याला हवा होता, आणि ती ऋचा एकटी वाचली तर इंद्र नागवला गेल्यासारखाच दिसतो. सातही सूक्तांचा ताळा घालायचं काम त्याने अंगावर घेतलेलं नव्हतं.

म्हणून इंद्राचा राग खोटा ठरत नाही. अमुक एक आहुती आपली, हा त्याचा दावाच नव्हता. आपण असताना आपल्याला वगळून कोणालाही आहुती जाऊ नये, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो मानपानाचा तंटा होता.

तोडगा

श्रौतयज्ञात, म्हणजे वैदिक परंपरेतल्या मोठ्या यज्ञविधींत, दोघांना एकत्र बोलावण्याचा हा तोडगा पक्का झाला. सोमयागात माध्यंदिन सवन, म्हणजे दुपारी सोम पिळण्याचा विधी, इंद्राचं, आणि त्याच सवनात मरुतांसह इंद्रासाठी मरुत्वतीय ग्रह, म्हणजे सोमाचे प्याले, घेतले जातात आणि मरुत्वतीय शस्त्र, म्हणजे स्तुतिपाठ, म्हटलं जातं. शतपथ ब्राह्मणात (४.३.३) याची कथा रोखठोक आहे. इंद्र मरुतांना म्हणतो, माझ्याकडे या, तुमच्या बळावर मी वृत्राला मारतो. ते विचारतात, आम्हाला काय मिळेल? तेव्हा त्यांच्यासाठी ग्रह काढले जातात. इथे स्तुती नाही, भाऊपण नाही, सरळ व्यवहार आहे. शतपथ त्याचा अर्थही सांगून टाकतं: इंद्र म्हणजे क्षत्र आणि मरुत म्हणजे विश, प्रजा. प्रजेमुळे राजा बलवान होतो. देवांच्या नात्यात समाजाची उतरंड इथे उघडपणे वाचली आहे.

या तोडग्यात मरुतांना वाटा मिळाला, बरोबरी मिळाली नाही. प्याला दोघांचा असला तरी त्यावर नाव 'मरुतांसह इंद्र' असंच आहे. चातुर्मास्यांत, म्हणजे चार-चार महिन्यांनी होणाऱ्या यज्ञांत, मात्र मरुतांचे स्वतंत्र भाग टिकून राहिले. त्यांतल्या वरुणप्रघासात त्यांना आमिक्षा, म्हणजे दूध-दह्याची आहुती, मिळते. त्यांतल्याच साकमेधात सांतपन, गृहमेधी आणि क्रीडी अशा तीन रूपांत त्यांना वेगवेगळ्या आहुती आहेत. क्रीडी मरुतांबद्दल शतपथ सांगतं की इंद्र वृत्राला मारायला निघाला तेव्हा ते त्याच्याभोवती खेळत होते. म्हणजे 'मला एकट्याला टाकलंत' या आरोपाला कर्मकांडानेही दाद दिली नाही.

बाप कुठे आहे?

पोरांच्या नावावर एवढं घडलं, पण सातही सूक्तांत रुद्र मध्ये पडत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. अगस्त्याचा तोडगा सहआवाहनाचा आहे, दोघांना एकत्र बोलवा. रुद्रापुढे हा उपाय चालत नाही. २.३३.४ मध्ये गृत्समद ऋषी त्याला विनवतो की चुकीच्या स्तुतीने किंवा इतरांबरोबर बोलावून, 'मा सहूती', आमच्याकडून तुझा राग ओढवला न जावो. इंद्राला ज्याने शांत केलं, त्यानेच रुद्र चिडतो. १.११४.११ मध्ये त्यालाही 'मरुत्वान्', मरुतांसह असलेला, म्हटलं आहे. पण तिथे मरुत त्याचे पुत्र म्हणून येतात, वाटेकरी म्हणून नाही.

रुद्राशी देवांनी काढलेली तडजोडही वेगळी आहे. शतपथातल्या (१.७.३) कथेत देव यज्ञाच्या जोरावर स्वर्गाला गेले आणि पशूंचा स्वामी असलेला हा देव खाली राहिला. वगळलं म्हणून तो चालून आला, तेव्हा सगळ्या आहुत्या झाल्यावर उरलेल्या हविर्द्रव्यातून त्याला स्विष्टकृताचा भाग दिला गेला. पुत्रांना इंद्राच्या पंगतीत, इंद्राच्या नावामागे जागा मिळाली. बापाला सगळे उठल्यावर, एकट्याला.